हीटरचे व्होल्ट मोजलेस का?

मान खाली घालून उभा राहू नकोस, उत्तर दे. गिटारच्या अ‍ॅम्पला येणारा व्होल्टेज डिमरस्टॅटने १६० वर आणलास तेव्हा व्हॉल्व्हच्या हीटरवर किती व्होल्ट होते? मोजले नाहीस. म्हणजे अंदाजाने चाललंय सगळं.

प्लेटचा व्होल्टेज उतरला की सिग्नलला वर-खाली जायला जागा कमी पडते, त्याचे शेंडे लवकर कापले जातात आणि तेच डिस्टॉर्शन, हे तू घडाघडा सांगितलंस. बरोबर आहे, पण अर्धंच. डिमरस्टॅट काही फक्त प्लेटला उतरवत नाही. ट्रान्सफॉर्मर एकच, त्यामुळे २३० चे १६० केलेस की हीटरचे ६.३ व्होल्टही ४.४ वर येतात. मुभा दहा टक्क्यांची, म्हणजे ५.७ च्या खाली जायचंच नाही. कॅथोड पुरता तापला नाही की इलेक्ट्रॉन कमी सुटतात, आणि तशा अवस्थेत तासन्‌तास ठोकत राहिलास तर व्हॉल्व्हचं आयुष्य संपलं. बायसही जागेवर राहत नाही. ईएल३४ व्हॉल्व्हची जोडी आज रशिया, स्लोव्हाकिया नाहीतर चीनहून येते. आपल्या रिसालीच्या बाजारात मिळत नाही, हे तुला माहीत आहे ना?

गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनचं नाव पुढे करू नकोस. त्याने मार्शल अ‍ॅम्प चालवला तो अमेरिकेच्या १२० व्होल्टवरून साधारण ९० वर उतरवून. सुरुवातीला मुलाखतींत मात्र व्होल्टेज १४० पर्यंत चढवतो असं सांगत होता! तेवढं ऐकून कुणी चढवला असता तर अ‍ॅम्पच जाळला असता. मोठ्या माणसाचं बोलणंसुद्धा मीटर लावून तपासायचं असतं.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून उतरवला म्हणतोस? व्होल्टेज सत्तर टक्क्यांवर आला की पॉवर निम्मी होते, आणि निम्मी पॉवर म्हणजे जेमतेम ३ डेसिबल. नाइट शिफ्ट करून सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये झोपलेल्या माणसाला त्याने काय फरक पडणार? त्यासाठी कमी वॅटचा अ‍ॅम्प घे.

एवढं सगळं मी माफ केलं असतं. पण मागचं झाकण उघडून, स्विच बंद केलाय एवढ्या भरवशावर तू आत हात घातलास, ते माफ नाही. फिल्टर कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर चार्ज बसून राहतो, प्लग काढल्यावरसुद्धा. तुझे वडील प्लांटमध्ये शटडाउनचं परमिट हातात आल्याशिवाय पॅनेल उघडत नाहीत. त्यांच्या घरात वाढलास ना तू? आणि डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही, तेव्हा अर्थिंगची पिन काढून बसवलेला तो प्लग आजच फेकून दे.

प्लेटचाच व्होल्टेज उतरवायचा असेल तर हीटरला वेगळा ट्रान्सफॉर्मर दे, ६.३ वर पक्का ठेव, मग बाकीचं पाहू. उद्या संध्याकाळी मल्टिमीटर आणि सर्किटचा नकाशा घेऊन ये. गिटार घरी ठेव.