अश्वत्थाम्याचा मणी



आजचं वाचन आहे श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, सातवा अध्याय. गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली आहे, पण आज जरा सावकाश वाचूया.

युद्ध जवळजवळ संपलंय. दुर्योधन मांडी मोडून पडलाय. त्या रात्री अश्वत्थामा पांडवांच्या छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांना मारतो. द्रौपदीची पाचही मुलं त्यात जातात. तिचा आक्रोश ऐकून अर्जुन शब्द देतो, की त्याचं डोकं आणून तुझ्यापुढे ठेवीन. मग पाठलाग होतो, ब्रह्मास्त्रं सुटतात, ती आवरली जातात आणि अश्वत्थामा दोरीने बांधून छावणीत आणला जातो.

आता याचं करायचं काय?

भीम म्हणतो, मारा. द्रौपदी म्हणते, सोडा. तिचं कारण ऐका. तो गुरुपुत्र आहे हे ती सांगतेच, पण पुढे म्हणते की याची आई अजून जिवंत आहे. मी आज जशी रडतेय तशी तिने रडू नये. ज्या बाईच्या पाच मुलांची प्रेतं अजून समोर आहेत, ती हे बोलतेय! मग श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की शास्त्राच्या दोन्ही आज्ञा आहेत, आततायीला शिक्षा हवी आणि याचा वधही नको, तेव्हा दोन्ही पाळ. अर्जुन त्यांच्या मनातलं ओळखतो. तलवारीने अश्वत्थाम्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून काढतो आणि त्याला छावणीबाहेर हाकलून देतो.

याच अध्यायात युद्धधर्माची एक छोटी यादी येते. झोपलेला, बेसावध, बालक, स्त्री, शरण आलेला, घाबरलेला, रथ मोडलेला, अशा शत्रूला धर्म जाणणारा मारत नाही. मित्रांनो, १२ ऑगस्ट १९४९ ला जिनिव्हा इथे जे चार करार झाले, त्यांचा गाभा याच्या फार जवळचा आहे. ज्याने शस्त्र खाली ठेवलंय, जो जखमी आहे, जो कैदेत आहे, जो लढतच नाहीये, त्याला हात लावायचा नाही.

पण नियम लिहिले म्हणून पाळले जातात असं थोडंच आहे? कुरुक्षेत्रावरही दोन्ही बाजूंनी आधी नियम ठरवले होते. आणि महाभारतातलं सौप्तिकपर्व वाचलंत तर दिसेल की अश्वत्थाम्याकडे युक्तिवाद तयार होता. कृपाचार्य त्याला समजावतात की झोपलेल्यांना मारू नये. तो म्हणतो, धर्माचा बांध पांडवांनीच आधी फोडलाय, माझ्या वडिलांना कसं मारलं ते आठवा. त्याची तक्रार खोटी नव्हती. द्रोणाचार्यांना खरोखरच खोटं बोलून शस्त्र ठेवायला लावलं होतं. पण त्या मुलांनी काय केलं होतं?

'त्यांनी आधी सुरू केलं.' जगातल्या जवळपास प्रत्येक कत्तलीमागे हे वाक्य सापडतं.

आता आपण युरोपात जाऊ, कारण सौप्तिकपर्व तिथे आपल्या काळात घडलंय. बोस्नियामध्ये स्रेब्रेनिका नावाचं एक छोटं गाव आहे. युगोस्लाव्हिया फुटल्यावर तिथे युद्ध पेटलं. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने या गावाला 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. आसपासच्या खेड्यांतून पळून आलेली हजारो बोस्नियाक मुस्लिम कुटुंबं त्या शब्दाच्या भरवशावर तिथे राहिली. रक्षणाला नेदरलँड्सचे शांतिसैनिक होते. ११ जुलै १९९५ ला जनरल रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजेने गाव घेतलं. पुढच्या काही दिवसांत ८,००० हून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. बहुतेकांना बायकामुलांपासून वेगळं काढून, पकडून, हात बांधून. नंतर पुरावा लपवायला यंत्रं लावून सामूहिक कबरी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडली. डीएनए जुळवून ओळख पटवण्याचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. पोतोचारीच्या स्मारकात दरवर्षी ११ जुलैला नव्याने ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांच्या हाती मुलाची फक्त एक-दोन हाडं आली.

आणि शिक्षा? सुरक्षा परिषदेने मे १९९३ मध्येच हेग शहरात युगोस्लाव्हियासाठी एक आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण स्थापन केलं होतं. त्याने एकूण १६१ जणांवर आरोप ठेवले. यात सर्ब होते, क्रोएट होते, बोस्नियाकही होते. सर्बांवर झालेल्या अत्याचारांचे खटलेही तिथे चालले. पण 'त्यांनी आधी केलं' हा बचाव तिथे चालत नव्हता. ज्याचा गुन्हा, त्याचा खटला.

बोस्नियन सर्बांचा राजकीय नेता रादोवान कराजिच नाव बदलून, दाढी-केस वाढवून, पर्यायी उपचार करणारा म्हणून बेलग्रेडमध्ये राहत होता. तो २००८ मध्ये पकडला गेला. म्लादिच १६ वर्षं लपला आणि २०११ मध्ये एका खेड्यात सापडला. दोघांनाही बोलायची संधी मिळाली, अपीलही मिळालं. दोघांनाही शेवटी जन्मठेप झाली. कराजिचला ती २०१९ मध्ये अपिलात झाली, म्लादिचची २०२१ मध्ये कायम झाली. या न्यायाधिकरणाच्या कायद्यात फाशी नव्हतीच. १६१ पैकी एकही जण शेवटी फरार राहिला नाही.

म्हणजे मणी काढून घेतला आणि जीव ठेवला. अश्वत्थाम्याचा मणी काय करायचा? तो जवळ असेपर्यंत त्याला शस्त्राचं, रोगाचं, भुकेचं भय नव्हतं. ते अभय त्याच्याकडून गेलं. राष्ट्राध्यक्ष, सेनापती, 'मला कोण हात लावणार' ही जी खात्री असते ना, तोच आजचा मणी आहे, असं मला वाटतं. न्यायाचं पहिलं काम ती खात्री काढून घेणं.

आता कृपाचार्यांकडे परत येऊ. ते 'नको' म्हणाले होते. पण नंतर अश्वत्थाम्यासोबत गेले. आत नाही गेले. कृतवर्म्याबरोबर छावणीच्या दारात उभे राहिले आणि पळून येणाऱ्यांना तिथेच मारलं. द्राझेन एर्देमोविच नावाचा एक साधा सैनिक होता. त्याने हेगमध्ये स्वतःहून कबुली दिली की स्रेब्रेनिकाच्या कैद्यांना गोळ्या घालणाऱ्या तुकडीत मी होतो, नकार दिला असता तर मलाही मारलं असतं. कोर्टाने त्याचा पश्चात्ताप आणि त्याच्यावरचा दबाव लक्षात घेतला, तरीही शेवटी ५ वर्षांची शिक्षा दिली. वरून हुकूम होता, एवढ्यावर सुटका नाही झाली. कृपाचार्य मात्र पुढे परीक्षिताचे गुरू झाले! महाभारत हे लपवत नाही. न्याय अर्धाच झाला तर अर्धाच सांगतं.

आजचा न्यायही अर्धाच आहे, हे मान्य करायलाच हवं. १९९८ मध्ये रोममध्ये कायमस्वरूपी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार झाला आणि २००२ पासून ते हेगमध्ये सुरू आहे. पण अमेरिका, चीन, रशिया त्याचे सदस्य नाहीत. आपला भारतही नाही. सुरक्षा परिषदेत पाच देशांना नकाराधिकार आहे. म्हणजे काहींच्या डोक्यावरचा मणी अजून शाबूत आहे. आणि ज्या संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हटलं होतं, त्यांनाही १९९९ च्या अहवालात आपलं अपयश कबूल करावं लागलं.

मग हे सगळं व्यर्थ म्हणायचं का? मला नाही वाटत. स्रेब्रेनिकाच्या आया वर्षानुवर्षं हेगला जात राहिल्या, साक्षी दिल्या, निकाल ऐकायला बसल्या. त्यांना हवं होतं ते आधी एवढंच, की हे घडलं असं कुणीतरी अधिकाराने लिहून ठेवावं. त्या कोर्टाने तो नरसंहार होता असं २००४ मध्ये अपिलातही नक्की केलं. आजही तो नाकारणारे आहेत. पण कागद आहे, नावं आहेत, हाडं मोजलेली आहेत. मुलगा परत आला नाही. मुलगा खोटा ठरला नाही, हेही कमी नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्यातला कुणी म्लादिच नाही. पण फोनवर युद्धाचे व्हिडिओ येतात आणि अंगठा थांबतो, तेव्हा मनात पहिला प्रश्न कोणता येतो? मेलेलं मूल कुणाच्या बाजूचं, हाच ना? आणि ते 'समोरच्यांचं' असेल तर लगेच अश्वत्थाम्याचं वाक्य तयार असतं. कमेंटमध्ये ते टाइप करायला तीन सेकंद लागतात. आपण छावणीत शिरत नाही हो, पण दारात उभं राहणं इतकं सोपं झालंय.

द्रौपदीने शत्रूच्या आईचं रडणं स्वतःच्या रडण्याच्या मापाने मोजलं. तिने गुन्हा विसरला नाही, मुलांना विसरली नाही. फक्त आई ही आई आहे, एवढं त्या क्षणीही तिला दिसलं. ज्याला सगळ्यांच्या हृदयात एकच परमात्मा दिसतो त्याला भक्त म्हणायचं, असं आपण रोज ऐकतो. त्याची परीक्षा देवळात होत नाही. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाचं मूल मेल्यावर होते.

आपल्याकडे नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंबा डोंगरावर दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते. नर्मदेच्या परिक्रमेला गेलेले लोक सांगतात, तो अजून कपाळावरच्या जखमेला तेल मागत फिरतो. लोकांनी त्याला विसरूही दिलं नाही आणि कुणी दिसलाच तर तेल द्यायलाही ना म्हटलं नाही.

आजचा संकल्प छोटासाच घेऊया. आज जगातल्या कुठल्याही युद्धाची बातमी वाचली, तर बाजू ठरवण्याआधी त्यातल्या एका आईसाठी एक मिनिट नाम घ्यायचं. ती कुठल्या धर्माची, कुठल्या देशाची, ते विचारायचं नाही. आणि 'त्यांनी आधी केलं' हे वाक्य आज दिवसभर कुठेही लिहायचं नाही.

उद्या याच स्कंधातला आठवा अध्याय. उत्तरेच्या गर्भातल्या बाळावर ब्रह्मास्त्र येतं आणि देव मध्ये उभा राहतो, तो भाग.

राम कृष्ण हरी 🙏