अनुद्यूत आणि प्रतिपक्षाची खेळी

१

खेळ ही संकल्पना कलाविचाराला नवी नाही. योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळाकडे दैनंदिन व्यवहारापासून वेगळे काढलेले, स्वतःच्या नियमांनी बांधलेले क्षेत्र म्हणून पाहिले. मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) मध्ये अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांची जी मांडणी केली, ती साहित्य आणि कला यांच्यासाठी होती. परंतु संगणकावरील व्यूहखेळांविषयी आज जे बोलले जाते, तेही याच दोन ध्रुवांभोवती फिरताना दिसते. एका बाजूला लौकिक परिणामांची चिंता आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळविकाराचा समावेश केला आणि ते वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. दुसऱ्या बाजूला खेळणाऱ्याचा ठरावीक बचाव आहे : हा केवळ खेळ आहे, त्याला व्यवहाराचे निकष लावू नयेत.

या दोन्ही भूमिकांत एक उणीव समान आहे. पहिली भूमिका खेळाबाहेर वाया गेलेले तास मोजते, तर दुसरी खेळाभोवती कुंपण घालून थांबते. कुंपणाच्या आत, खेळाच्या प्रत्यक्ष रचनेत, काही नैतिक प्रश्न दडलेला आहे काय, याची विचारणा दोघींकडूनही होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही विचारणा आहे.

२

पाळीपाळीने खेळण्याच्या डावाचे आणि त्याच्या पुढच्या भागाचे आपल्या परंपरेतील सर्वांत गंभीर चिंतन महाभारताच्या सभापर्वात आहे. द्यूतपर्वानंतर अनुद्यूतपर्व येते. पहिल्या द्यूतात युधिष्ठिर एकेक पण लावत जातो : धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी. धृतराष्ट्राच्या वरदानामुळे हरलेले सर्व परत मिळते. तरीही पुन्हा बोलावणे आल्यावर तो परततो आणि बारा वर्षांचा वनवास व एक वर्षाचा अज्ञातवास या एकाच पणावर डाव हरतो.

भाष्यकारांनी या परतण्याची कारणे दैवात, वडीलधाऱ्यांच्या आज्ञेत किंवा क्षत्रियाच्या प्रतिज्ञेत शोधली आहेत. रचनेच्या दृष्टीने पाहता आणखी एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या डावाचा शेवट डावाच्या नियमांनी झालेलाच नव्हता. तो बाहेरच्या कृपेने झाला होता. जे हरले ते परत मिळाल्यामुळे केलेल्या खेळ्यांचे परिणाम पुसले गेले आणि डाव अपुरा राहिला. परिणाम पुसून टाकण्याची सोय जेथे असते, तेथे पुन्हा खेळण्याचे आमंत्रण त्या सोयीतच अंतर्भूत असते. अनुद्यूताचा मोह जिंकण्याच्या आशेपेक्षा या अपुरेपणातून अधिक उपजतो, असे म्हणता येईल.

३

२००० साली 'शोगन'ने सुरू झालेल्या 'टोटल वॉर' मालिकेतील 'एम्पायर' हा खेळ मार्च २००९ मध्ये आला. १७०० पासून सुरू होणाऱ्या शतकाचा पट त्याने घेतला आणि मराठ्यांच्या बाजूने खेळण्याची मुभा दिली. लढाया त्यात सलग काळात होतात; राज्यकारभार मात्र पाळीपाळीने चालतो, एका वर्षाला दोन पाळ्या या हिशेबाने. मालिकेत प्रथमच सागरी लढाईचे सूत्र खेळणाऱ्याच्या हाती आले. रायगडच्या किनाऱ्याचा इतिहास ज्याला माहीत आहे, त्याला या योजनेत विशेष अर्थ जाणवावा. १७०० हे राजाराम महाराजांच्या मृत्यूचे आणि सातारा औरंगजेबाच्या हाती जाण्याचे वर्ष. पुढच्या तीन दशकांत याच किनाऱ्यावरून कान्होजी आंग्रे यांनी दस्तकाशिवाय फिरणारी जहाजे पकडून समुद्रावरील सत्तेची व्याख्याच वादात आणली.

या खेळाच्या ओढीचे मर्म त्याच्या काळरचनेत आहे. एका पाळीत दिलेल्या आज्ञा तिच्या आत पूर्ण होत नाहीत. गोदीत जहाज बांधायला घातले की ते काही पाळ्यांनी उतरते. विद्यापीठात हाती घेतलेले संशोधन आणखी काही पाळ्यांनी फळते. सैन्य अर्ध्या वाटेवर असते. यांतील कोणतीही दोन कामे एकाच वेळी संपत नाहीत. म्हणून उठावे असा क्षणच येत नाही. प्रत्येक विरामाच्या टोकाला काहीतरी उद्यावर आलेले असते. 'आणखी एकच पाळी' हे खेळणाऱ्याच्या दुबळ्या मनाचे उद्गार नसून रचनेनेच त्याच्या तोंडी घातलेले वाक्य आहे. वृत्तपत्रातील क्रमशः कादंबरीने वाचकाला हेच केले होते. फरक इतकाच की तेथे पुढील प्रकरण लेखकाच्या हाती होते. येथे ते स्वतःच्या हाती आहे असा खेळणाऱ्याला प्रत्यय येतो. कर्तृत्वाचा हा प्रत्यय खेळाचे मोठे देणे आहे आणि तो केवळ भ्रम म्हणून झिडकारणे अन्यायाचे ठरेल. साधनसंपत्ती, कर, व्यापार आणि युद्ध यांचे परस्परावलंबन इतक्या स्पष्टपणे अनुभवास आणून देणारी माध्यमे फार नाहीत.

४

दोषांची चर्चाही याच अंगाने केली पाहिजे. 'एम्पायर'मध्ये बहुतांश फ्रान्स हा एकच प्रदेश आहे. पॅरिस पडले की तो पडतो. कोकणपट्टीला या नकाशात वेगळे अस्तित्व नाही आणि जंजिऱ्याचा सिद्दी ही स्वतंत्र सत्ता म्हणून कोठेच दिसत नाही. तथापि प्रत्येक नकाशा काहीतरी गाळतोच. ते गाळणे हा अपराध नव्हे. अधिक मूलगामी दोष वेगळा होता. पहिल्या आवृत्तीत संगणकाने चालवलेल्या सत्ता समुद्र ओलांडून शत्रूच्या भूमीवर सैन्य उतरवू शकत नव्हत्या. जहाजे होती, आरमारी लढाया होत्या. पण किनारा धोक्यात नव्हता. पुढे दुरुस्ती आली आणि ही उणीव काही अंशी भरली गेली.

या दोषाचा अर्थ थळच्या समोरील दोन बेटांकडे पाहिल्यास कळतो. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर उतरून तटबंदीला हात घातला. मुंबईच्या इंग्रजांनी विरोध केला, गलबते पाठवली. तरीही मराठ्यांच्या लहान होड्या पहारा चुकवून रसद पोहोचवीत राहिल्या आणि काम चालू राहिले. व्यूह म्हणून ही खेळी अचूक होती. परंतु जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारची, किनाऱ्याला अधिक जवळ असलेली उंदेरी ताब्यात घेऊन तीही तटबंद केली. खांदेरी आणि किनारा यांच्यामध्ये आता शत्रूच्या तोफा आल्या. अचूक खेळीचा अर्थ प्रतिपक्षाच्या खेळीने बदलला आणि पुढे कित्येक दशके ही दोन बेटे एकमेकींना उत्तर देत राहिली.

'एम्पायर'च्या मूळ रूपात उंदेरी घडू शकली नसती. तेथे खेळणारा खांदेरी घेतो आणि खांदेरी त्याचीच राहते. प्रतिपक्षाची पाळी येते, नकाशावर काही हालचाल दिसते. पण ती त्याच्या खेळीला उत्तर नसते. दोष इथे मोहाच्या आड येत नाही, हे विशेष. उलट तो मोहाला पोसतो. विरोध जितका कमी, तितका पुढच्या पाळीकडे जाणारा मार्ग मोकळा. याच्या जोडीला डाव जतन करून मागच्या क्षणी परतण्याची सोय आहे. धृतराष्ट्राचे वरदान येथे हवे तेव्हा मिळते.

५

यावर असा आक्षेप घेता येईल की ही तांत्रिक उणीव आहे. नीतीशी तिचा संबंध काय? उत्तर निर्णय या कल्पनेतच आहे. माझ्या कृतीला दुसरा उत्तर देऊ शकतो, ते उत्तर मला आधी ठाऊक नसते, आणि ते आल्यावर कृती मागे घेता येत नाही : या तीन अटींवर निर्णयाला नैतिक वजन येते. त्या नसतील, तर उरतो तो केवळ आज्ञांचा क्रम. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी जंजिऱ्यापर्यंत खाडी भरून काढण्याचा प्रयत्न केला. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे तो सोडावा लागला. भरतीने वा मोगलांनी त्यांच्या पाळीची वाट पाहिली नाही.

म्हणून अशा खेळावर घ्यायचा आक्षेप त्याच्या हिंसेवर वा त्यात जाणाऱ्या तासांवर प्रथम येत नाही. बुद्धिबळातही तास जातात. पण तेथे समोर उत्तर देणारा माणूस असतो आणि हललेले प्यादे परतत नाही. आक्षेप असा की कर्तृत्वाचा प्रत्यय देताना हा खेळ प्रतिपक्ष काढून घेतो आणि उरलेल्या एकाकी सत्तेला इतिहास असे नाव देतो. विद्यार्थ्याने त्यातून अठरावे शतक शिकले, तर करआकारणी आणि जहाजबांधणी त्याला कळेल. मात्र सिद्दी, इंग्रज आणि पोर्तुगीज हेही त्याच पाण्यावर विचार करीत होते, हे कळणार नाही.

याच न्यायाने पुढच्या भागांचे मूल्यमापनही करता येते. चित्रे अधिक रेखीव झाली, नकाशा विस्तारला, प्रदेश वाढले, एवढ्याने नवा भाग जुन्याहून श्रेष्ठ ठरत नाही. प्रतिपक्ष किती उत्तर देऊ लागला, हा निकष आहे. 'एम्पायर'ला नंतर केलेली दुरुस्ती या दृष्टीने तांत्रिक सुधारणेहून अधिक काही होती. किनारा पुन्हा धोक्यात आणण्याचा, म्हणजेच निर्णयाला त्याचे वजन परत देण्याचा तो प्रयत्न होता. सभापर्वातील अनुद्यूताने मात्र ही गोष्ट पुरी केली. त्या डावानंतर कोणतेही वरदान आले नाही. हरलेल्यांना तेरा वर्षे प्रत्यक्ष काढावी लागली. दुसऱ्या द्यूताची कठोरता ज्याला अन्यायच वाटते, त्याने एवढे ध्यानात घ्यावे की पहिल्या द्यूतात पुसला गेलेला परिणाम तेथे खेळणाऱ्यांना परत मिळाला आणि महाभारताची पुढची कथा त्यामुळेच शक्य झाली.