ज्युलियनने काय कबूल करावे?


लुई माल यांनी १९८७ साली आपल्या बालपणीच्या आठवणीवर ‘ओ रव्वार ले झांफां’ हा चित्रपट काढला. १९४४ सालचे फ्रान्स. कॅथोलिक शाळेत खोट्या नावाने लपवलेला ज्यू मुलगा बोने आणि ज्युलियन जिवलग होतात. वर्गात जर्मन अधिकारी येतो, ज्युलियनची नजर क्षणभर मित्राकडे वळते आणि बोने पकडला जातो.

नजर नकळत गेली. ते पाप कसे?

पण चुगली केली होती स्वयंपाकघरातल्या जोसेफने. काळ्या बाजारापायी फादरांनी त्याला काढले. त्यात सामील असलेली श्रीमंतांची मुले, ज्युलियनसुद्धा, शाळेतच राहिली. हा अन्याय आहे हे फादरही जाणून होते! प्रत्यक्षात तीन मुले आउशवित्झमध्ये मारली गेली. फादर जाक छावणीतून सुटल्यावर महिन्याभरात वारले.

पापनिवेदनात ज्युलियनने नजरेचे नव्हे, जोसेफचे सांगावे असे मला वाटते.