मन कोणास म्हणावे?

वरूड तालुक्यातील एका खेड्यात आमच्या मंडळीपैकी एक शेतकरी बंधू राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी उपासनेस येणे सोडले. ते संत्र्याच्या बागेकडे फिरकेनात, अन्नावर वासना राहिली नाही, रात्री झोप येईना. मंडळीत कुजबुज सुरू झाली की, ‘ह्यांचे मन देवाकडून फिरले.’ आम्हीही त्यांच्या ओसरीवर क्षणभर टेकलो व, ‘भाऊ, मन घट्ट करा, प्रार्थना करा,’ एवढे सांगून उठलो. ते म्हणाले, ‘पाळकसायेब, घट्ट कराले मन हातात तं आलं पायजे.’ ह्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. जे मन घट्ट करावयाचे ते कोणते, व ते घट्ट करणारा कोण? जो शब्द आम्ही दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, त्याचा अर्थ आम्हांस ठाऊक आहे काय?

थोर तत्त्ववेत्त्यांनी ह्या प्रश्नाचा पुष्कळ खल केला आहे. आपल्या देशात सांख्यांनी मनास अकरावे इंद्रिय म्हटले. नैयायिकांनी ते अणूएवढे मानिले, व दोन गोष्टींचे ज्ञान एकाच क्षणी का होत नाही ह्याचे कारण तेच, असे सांगितले. युरोपात देकार्त नामक तत्त्ववेत्त्याने १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मन व शरीर ही दोन अगदी भिन्न तत्त्वे होत असे मांडिले. त्यावर १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्यास पत्राने विचारिले की, मन जर शरीरासारखे नाही, तर ते शरीरास हालविते कसे? तिचे पुरते समाधान त्यास करिता आले नाही. पुढे १९४९ साली ऑक्सफर्डचे गिल्बर्ट राइल ह्यांनी म्हटले की, मन ही शरीरात दडलेली दुसरी वस्तू समजणे हीच मूळ चूक आहे. समजा, एखाद्या पाहुण्यास आपण उपासनामंदिर दाखविले, बंधुभगिनींची घरे दाखविली, सर्वांची भेट करून दिली. आणि शेवटी तो म्हणाला, ‘हे सर्व पाहिले, आता तुमची मंडळी कोठे आहे ती दाखवा!’ तर आपणांस हसू येईल. मनाचा शोध करणाऱ्याची गत बहुधा अशीच होते. राइल ह्यांची सर्वच मते आम्ही स्वीकारितो असे नव्हे, कारण मनुष्यास देवाने आत्मा दिला आहे हा आपला विश्वास आहे. तथापि त्यांचा इशारा उपयोगाचा आहे.

आता आपली रोजची मराठी पाहा. ‘मनात आले’, ‘मनात धरले’, ‘मनावर घेतले’, ‘मन लागत नाही’ असे आपण म्हणतो. शब्द एकच, पण ह्या चार गोष्टी आहेत. रागाचा विचार मनात येतो, तेव्हा तो आपली परवानगी विचारून येत नाही. परंतु शेजाऱ्याचा बांधावरचा शब्द वर्षभर मनात धरणारे आपणच असतो. काइनास देवाने आधीच सावध केले की, पाप दाराशी टपून आहे, तरी त्याजवर तू सत्ता चालवावी. दाराशी येणे निराळे व त्यास घरात घेणे निराळे. म्हणून ‘माझ्या मनाने मला करावयास लाविले’ ही सबब चालणार नाही. मन हा कोणी दुसरा इसम नव्हे की, दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळे व्हावे.

पण ‘मन लागत नाही’ ह्या बोलण्यात धरणे नाही आणि सोडणेही नाही. तेथे सगळा मनुष्यच खचलेला असतो. इब्री भाषेत हृदयास जो शब्द आहे, त्यानेच ते लोक विचार करणे व निश्चय करणे हेही दर्शवीत. शलमोनाने देवाजवळ मागितले ते ऐकणारे हृदय. पवित्र शास्त्र मनुष्याचे तुकडे करीत नाही. एलीया संदेष्टा रानात एका झुडुपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास अविश्वासी म्हटले नाही. तो निजला, दूताने त्यास उठवून भाकर व पाणी दिले, तो पुन्हा निजला, आणि पुन्हा त्यास खाऊ घातले. प्रश्न विचारिला तो त्यानंतर. कर्मेलावर अग्नी उतरविणाऱ्या संदेष्ट्याची ही दशा झाली, तर आपल्या बंधूची झाली ह्यात नवल काय?

आमच्या वरुडाकडील बागाईतदारांस हे समजणे कठीण नसावे. आंबिया बहारासाठी झाडाचे पाणी तोडून त्यास ताण देतात. जाणता शेतकरी पानांकडे रोज पाहतो व वेळीच पाणी सोडतो. ताण फार झाला तर झाड वाळते. तेव्हा झाडासमोर उभे राहून ‘हिंमत धर’ असे कोणी म्हणत नाही. मग कर्ज, नापिकी व पडलेला भाव ह्यांचा ताण ज्यास बसला, त्या मनुष्यास कोरडा उपदेश का करावा?

उपदेशक बंधूंनो, आम्ही त्या घरी पुन्हा गेलो, आणि ह्या खेपेस बोलण्यास नव्हे तर ऐकण्यास गेलो. त्यांच्यासह जेवलो, व दुसऱ्या दिवशी त्यांस घेऊन दवाखान्यात गेलो. औषध घेणे हा अविश्वास नव्हे. ज्यांस दवाखाना लांब पडतो त्यांच्यासाठी सरकारने २०२२ सालापासून ‘टेली-मानस’ ही सेवा चालविली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट बोलता येते. हा क्रमांक मंदिराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. कोणी मरणाची भाषा बोलू लागला तर त्यास एकटे सोडू नये. प्रार्थना तर करावीच, परंतु ती त्याच्याजवळ बसून करावी.

आमचे ते बंधू अद्याप पुरते बरे नाहीत. मागील रविवारी मात्र ते मंदिरात येऊन शेवटच्या ओळीत बसले. रोमकरांस लिहिताना प्रेषित पौल आधी शरीर देवास अर्पण करण्यास सांगतो, आणि लगेच पुढे मनाच्या नवीकरणाविषयी बोलतो. देवाने जी दोन्ही जोडिली, ती आपण तोडू नयेत. आणि कोणाचे मन फिरले असे बोलण्याआधी, तो रात्री झोपला काय व सकाळी जेवला काय, एवढे तरी त्यास विचारावे.