थांबल्यावर होणारा आवाज

चालती गाडी आणि चालता संसार यांच्यातला दोष सहसा ऐकू येत नाही. तो ऐकू येतो थांबताना. हे वाक्य एखाद्या प्रवचनातले वाटेल, पण मला ते मिळाले एका गॅरेजात, ऑइलच्या उपड्या डब्यावर बसलेला असताना.

आमच्या मेहुण्याची एक जुनी पिकअप आहे. नारायणगावचे टोमॅटो पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवणे हा तिचा जन्माचा व्यवसाय. तिला अलीकडे एक खोड लागली. रस्त्याने गुमान चालायची. पण सिग्नलला गाडी पुरती थांबली, की क्षणभराने पोटाखालून ‘खट्ट!’ खालून कुणीतरी हातोडी मारून ‘आलं का यार्ड?’ असे विचारावे, तसा आवाज.

निदान करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. एकाने शॉकअॅब्सॉर्बर सांगितले, ते बदलले. दुसऱ्याने ब्रेक सांगितले, लायनर बदलले. तिसरा गिअरबॉक्सच उतरवायला निघाला. तेव्हा मेहुणा मला म्हणाला, “दाजी, तुम्ही बँकेत आहात, तुम्हीच सांगा.” बँकेतल्या माणसाला गाडीचे कर्ज कळते म्हणजे गाडीही कळते, असा एक गोड समज आहे. तो मोडणे माझ्या जिवावर येते.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्तरींनी गाडी सपाट जागी घेतली, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि ते खाली सरकले. गिअरबॉक्सपासून मागच्या हाउसिंगपर्यंत जो लांब शाफ्ट फिरतो, तो दोन्ही हातांनी धरून इकडे-तिकडे पिळून पाहू लागले. या शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात. त्या सांध्याला पुस्तकात कार्दानो नावाच्या सोळाव्या शतकातल्या इटालियन गृहस्थांचे नाव आहे. हे गृहस्थ वैद्य, गणिती आणि पट्टीचे जुगारी होते. जुन्या गाडीच्या सांध्याला याहून समर्पक नाव मिळणे कठीण!

मिस्तरींनी सांगितले ते असे. इंजिन ओढत असते तोवर सगळे दाते, सगळे सांधे एकाच बाजूला रेलून असतात. एकमेकांतले अंतर तेव्हा दिसत नाही, वाजत तर नाहीच. ब्रेक दाबला की ताण उलटतो आणि जो तो आपापली मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या बाजूला आपटतो. त्यातच गाडी पुढे झुकते आणि थांबल्यावर मागे बसते. त्या वेळी शाफ्टच्या सरकत्या जोडाला जरासे सरकावे लागते. ग्रीस सुकलेले असले, तर तो आधी अडतो आणि मग झटक्याने सरकतो. म्हणून ते क्षणभर उशिराचे ‘खट्ट’.

“पण नेमका दोष कुणाचा?” मी विचारले. व्हाउचरवर एकाच नावाची सही घ्यायची आम्हाला सवय.

“साहेब, एकट्याचं नाव घेऊ नका. क्रॉस थोडा गेलाय, दाते थोडे झिजलेत, पाट्याचा यू-बोल्ट थोडा ढिला, आणि ग्रीस कुणी भरलंच नाही. सगळे थोडे थोडे आहेत.”

वाचकहो, या ‘थोडे थोडे’ने माझी कॉमर्सची पदवी हादरली. 1494 साली पाचोलीने दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हापासून आमच्या जातीला एक दिलासा आहे. एकाची चूक अधिक आणि दुसऱ्याची तेवढीच उणे असली, तर ताळा बिनबोभाट जुळतो आणि सगळे पाच पंचवीसची गाडी पकडतात. ढिलाईच्या खात्यात मात्र उणे रकमाच नाहीत. इथे नुसती बेरीज होते. मागच्या दात्यांतला प्ले तर शाफ्टवर तीन-चारपट होऊन दिसतो, म्हणजे वर व्याजही आहे!

आता घरातली म्हातारी आई रात्री न्हाणीघरात घसरून पडते. जवळ राहणाऱ्या मुलाला चारचौघांत विचारले जाते, “तुझं लक्ष कुठं होतं?” कारण ‘खट्ट’ तिथे वाजले. मुंबईचा भाऊ भिंतीला दांडी बसवायचे पैसे पुढच्या महिन्यात पाठवणार होता. पुण्याच्या भावाने दोन महिने फोन केला नव्हता. बहिणीने ‘सून आहे की’ म्हणून विचारणे सोडले होते. प्रत्येकाची ढिलाई मोजली तर कागदाच्या जाडीची. जबाबदारी चौघांत वाटली की प्रत्येकाला चौथा हिस्सा येतो, असे आपण शाळेत भागाकार शिकल्यापासून मानतो. प्रत्यक्षात चार ढिलाया जमा होतात आणि आवाज जवळच्याच्या नावे पडतो.

यावर कुणी म्हणेल, मग ढिलाई अजिबात नको. तसेही नाही. मिस्तरींच्या मते दात्यांत अंतर मुळीच ठेवले नाही, तर तेलाला जागा राहत नाही आणि दाते तापून एकमेकांना खातात. अंतर शून्य असलेली घरेही मी पाहिली आहेत. तिथे आवाज येत नाही, जळका वास येतो. तेव्हा प्रश्न ढिलाई आहे की नाही हा नसून, माझ्या वाट्याची किती आणि ती शेवटची कधी तपासली, हा आहे.

मिस्तरींचा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा. आधी ग्रीस, मग बोल्ट, मग क्रॉस. गिअरबॉक्स सर्वांत शेवटी. माणसे नेमकी उलटी जातात. आधी नाते उतरवून ठेवतात, आणि ग्रीस भरायचे राहिले होते हे पुढे कधीतरी, तेराव्याच्या जेवणाला, पंगतीत शेजारी बसल्यावर कळते. आणि भावाला एक फोन करायला जेवढे ग्रीस लागते, त्यासाठी कुठलीही बँक कर्ज मागायला लावत नाही.