रांगेतल्या भेंड्या



मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकात गेलो होतो. राइड दोन-तीन मिनिटांची, रांग पाऊण तासाची. धाकटी कुरकुरू लागली, तसा माझा हात मोबाइलकडे गेला. तेवढ्यात पुढच्या आजींनी तिचा तळवा धरला, बॉलपेनने चार रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, "फुली तुझी, गोळा माझा!" तळवा भरला, तशी मनगटावर नवी चौकट आली. मग गावांच्या भेंड्या रंगल्या. रोह्यावरून हिंगोली, हिंगोलीवरून लातूर. मागचं कुटुंबही खेळात आलं. आमचा नंबर लागला, तर लेक म्हणते, "थांबा ना, मला 'र'वरून आठवतंय!"

आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीतही वारकरी असेच तासन्‌तास उभे असतात. टाळ वाजतो, अभंग चालतो आणि वाट पाहणं हीच भक्ती होते.

मुलांना रमवायला खेळणी लागत नाहीत, आपलं लक्ष लागतं. धीर धरणं त्यांना उपदेशातून कळत नाही, आपल्या सोबतीतून कळतं. आज दवाखान्यात, बसथांब्यावर, कुठेही थांबावं लागलं, तर मोबाइल खिशातच राहू द्या. तो इवलासा तळवा हातात घ्या.