पाचवं कारण

बाबांच्या तेराव्याला आलेल्या बहुतेकांनी निघताना आईचा हात हातात घेऊन एकच वाक्य म्हटलं, "दैवापुढे कुणाचं काय चालतंय!" मी आत पानं वाढत होते. दर वेळी 'दैव' हा शब्द कानावर आला की माझा हात थांबायचा. आमच्या घरात तो शब्द आधी उच्चारायची मुभाच नव्हती.

बाबा लष्करात हेलिकॉप्टर उडवायचे. मूळचे तोफखान्यातले, तिथून एअर ओपीत, म्हणजे तोफखान्याच्या हवाई टेहळणीत गेले, आणि 1 नोव्हेंबर 1986ला आर्मी एव्हिएशन ही स्वतंत्र कोअर झाली तेव्हा तिच्यात. त्याआधी, 1984च्या एप्रिलमध्ये सियाचेन हिमनदीवर ऑपरेशन मेघदूत सुरू झालं होतं. पुढच्या काही वर्षांत बाबा दोनदा तिथे जाऊन आले. आम्ही तेव्हा देवळालीला. आई, मी, धाकटा भाऊ आणि इनलँड पत्रांची पिशवी.

वीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते की पंख्याला धरायला काही उरत नाही, इंजिनही दमतं. चीता हेलिकॉप्टर वर किती ओझं नेईल याचा हिशेब तिथे किलोकिलोने करतात. कधी अख्ख्या फेरीत रॉकेलचा एखादा जेरीकॅनच जायचा, आणि येताना पायाची बोटं काळी पडलेला एखादा जवान. ही सवय बाबांनी घरी आणली. रेल्वेने गावी जायचं असलं तरी प्रत्येक बॅग ताणकाट्याला लागायची. आम्हा दोघांना ते काखेत धरून उचलायचे आणि आकडा सांगायचे. माझ्या बाबतीत तो अर्ध्या किलोच्या वर कधी चुकला नाही.

रविवारी सकाळी आंघोळ झाली की ते गीता घेऊन बसत. श्रद्धाळू म्हणावेत असे ते नव्हते, पण अठरावा अध्याय त्यांना फार प्रिय. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. टीकाकार अधिष्ठान म्हणजे शरीर असं सांगतात. बाबा म्हणत, अधिष्ठान म्हणजे त्या दिवशीची हवा आणि उंची. कर्ता पायलट. करण म्हणजे मशीन. चेष्टा म्हणजे दोन हात, दोन पाय आणि ते काय करत होते ते. "ही चार आधी तपास. एकेक, लिहून. दैवाचं नाव पाचवं आहे, ते पाचव्यांदाच घ्यायचं." अपघातानंतर बसणाऱ्या कोर्ट ऑफ एन्क्वायरीचं सगळं तत्त्वज्ञान त्यांना या एका श्लोकात दिसायचं. मला वाटतं, त्यांनी देवाला दिलेला सर्वांत मोठा मान हाच होता, की आपल्या चुका त्याच्या नावावर टाकायच्या नाहीत.

ऑटोरोटेशनबद्दल बोलताना त्यांचा चेहरा बदलायचा. इंजिन बंद पडलं की माणसाचा हात आपसूक डावीकडचा कलेक्टिव्ह, म्हणजे पंख्याची उचल ठरवणारा दांडा, वर ओढायला जातो, कारण खाली पडायचं नसतं. नेमका तेव्हा तो तात्काळ खाली दाबायचा. मग खालून वर येणारी हवाच पंखा फिरवत ठेवते. जमीन जवळ आली की साठलेली ती गती वापरून कलेक्टिव्ह वर घ्यायचा. एकदाच. दुसऱ्यांदा घ्यायला काही शिल्लक नसतं. फ्रेंच वैमानिक जाँ बूले 1972 साली लामा हेलिकॉप्टर 12,442 मीटरवर घेऊन गेला, इंजिन विझलं, आणि तो तेवढ्या उंचीवरून इंजिनाशिवाय सुखरूप खाली उतरला. चीता म्हणजे आपल्याकडे बनणारं तेच लामा. ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की बूले आमचा कुणी काका वाटायचा. "दैव त्याच्या बाजूने होतं," असं मी एकदा म्हटलं तेव्हा बाबा म्हणाले, "असेल. पण आधी त्याचा डावा हात होता."

बाबा 71व्या वर्षी गेले. पहाटे, झोपेत, हृदय बंद पडून. त्याच्या आदल्या रात्री साडेनऊला मी फोन केला होता. छातीत जळजळतंय म्हणाले, बहुतेक पित्त. मी म्हटलं, "थंड दूध घ्या, झोपा. सकाळी आपण डॉक्टरांकडे जाऊ."

त्यानंतर मी त्यांनी शिकवल्याप्रमाणे तपासायला बसले. अधिष्ठान: वय, वाढलेली साखर. कर्ता, करण, चेष्टा... सगळ्या ओळी फिरून त्या फोनपाशी येत. तेवढाच काटा उलटा फिरवला असता, तर? कित्येक महिने मी दैव हा शब्द जवळ येऊ दिला नाही. ती पळवाट झाली असती.

मग एकदा त्याच अध्यायात दोन श्लोक पुढे गेले. बाबा तिथवर कधी वाचून दाखवत नसत. ही पाच कारणं असताना जो केवळ आत्म्यालाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं तिथे आहे. शांकरभाष्यात 'केवल'चा अर्थ शुद्ध, निर्लेप असा लावला आहे आणि तो मोठा अर्थ आहे. मी मात्र 'केवळ' पाशीच अडले. केवळ मी. पाचातली चार कारणं पुसून उरलेली मी. ही कसली तपासणी? दोष ओढून घेण्यातही एक अहंकार असतो, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं.

मी नऊ वर्षांची असताना बाबांचा एक मित्र हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला. बाबा मला घेऊन त्या मित्राच्या क्वार्टरवर गेले होते. काकू भिंतीला टेकून सारखं म्हणत होत्या, "सकाळी मी भांडले हो त्यांच्याशी." बाबा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. "वहिनी, भांडणाने हेलिकॉप्टर पडत नाही. कशाने पडलं ते आम्ही शोधतोय. तुम्ही त्यात नाही."

माझं तसं नाही. मी त्यात आहे. रात्रीच नेलं असतं तर कदाचित बाबा आज असते, आणि हे खोडायला मी तयार नाही. फक्त तेवढीच ओळ असलेला कागद मी आता अहवाल म्हणून मान्य करत नाही.

परवा सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी आईला हे सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "दूध मीच दिलं गं. वर पित्ताची गोळीही दिली." इतके दिवस ती एकटीच ते घेऊन बसली होती. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने हातातली वात ताटलीत ठेवली.

"आणि ह्यांना कळत नव्हतं? सगळ्यांच्या बॅगा वजन करत फिरायचे. स्वतःचं दुखतंय हे नीट सांगायला काय झालं होतं?"

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्यांच्यावर रागावली होती. मी उठून चहाचं आधण ठेवलं.